बारीत घड्याळ बघून जेवा

प्रश्न थोडक्यात असा: ऑक्टोबरच्या शेवटच्या आठवड्यात चौघं जण इटलीच्या दक्षिणेला, एड्रियाटिक समुद्राकाठच्या बारी शहरात तीन रात्री मुक्काम करणार आहेत. दोघं पक्के शाकाहारी, दोघं मासळीवर जीव असलेले. काय खावं, कुठे खावं, शाकाहारींचे हाल होतील का, तिथली कच्ची मासळी खावी की नाही आणि परत आल्यावर घरी करता येईल असं काही आहे का?

बारीत रेस्टॉरंटांची यादी घेऊन फिरणाऱ्यांची निराशा होते, कारण या शहरातले उत्तम पदार्थ रेस्टॉरंटात कमी आणि ठरावीक वेळेला ठरावीक दारात जास्त मिळतात. सकाळी अकराला जो फोकाचा, म्हणजे तेलात भाजलेला चपटा पाव, स्वर्गीय असतो तोच संध्याकाळी सहाला चामड्यासारखा लागतो. मासळीवाले दुपारी एकच्या सुमारास आवरायला लागतात. तळणीच्या कढया अंधार पडल्यावरच चढतात. म्हणून आधी दिवसाचं वेळापत्रक बसवा, नावं नंतर.

शहराची रचना सोपी आहे. समुद्रात घुसलेल्या टोकावर जुनं शहर, बारी वेक्किया. त्याच्या दक्षिणेला मुरात भाग, नेपोलियनचा मेहुणा जोआकिम मुरा याच्या कारकिर्दीत 1813 पासून काटकोनी गल्ल्यांनी आखलेला. दोन्हींच्या मध्ये कोर्सो वित्तोरियो एमानुएले हा रुंद रस्ता. मुख्य रेल्वे स्थानकापासून जुन्या शहरात पायी पंधरा-वीस मिनिटांत पोचता. विमानतळावरून स्थानकापर्यंत थेट लोकल गाडी आहे, तिलाही साधारण तेवढाच वेळ लागतो. मुक्काम या दोन भागांतच ठेवा म्हणजे प्रत्येक जेवण चालत जाऊन होईल.

सकाळी नाश्त्याला पोटभर खाऊ नका. बारमध्ये काउंटरपाशी उभं राहून एक कॉफी आणि एक कोर्नेत्तो, म्हणजे क्रोसाँसारखा पाव, पुरे. बसून घेतली की काही ठिकाणी दर वाढतो. साधी कॉफी मागितली की दोन घोटांची कडक एस्प्रेसो येते. दुधाची हवी तर काप्पुच्चीनो सांगा. पोट राखून ठेवायचं ते अकराच्या फोकाचासाठी.

बारीचा फोकाचा इटलीतल्या इतर फोकाचांहून वेगळा आहे. पिठात उकडलेला बटाटा आणि डुरम या कठीण गव्हाचं दोनदा दळलेलं बारीक पीठ असतं, वर हाताने चिरडलेले छोटे टोमॅटो, बिया न काढलेले ऑलिव्ह, ओरेगानो आणि जाडं मीठ. लोखंडी गोल थाळ्यात भरपूर तेल ओतून भाजतात, म्हणून खालची बाजू जवळजवळ तळली जाते आणि कड काळपट होते. ती काळपट कडच खरी मजा आहे. जळलं म्हणून बाजूला काढू नका. सान निकोला बॅसिलिकाच्या जवळची पानिफीच्यो फिओरे ही बेकरी प्रसिद्ध आहे आणि प्रसिद्धीला साजेसा माल देते. रांग असते, पण झपाट्याने सरकते. तुकडा हवा की अख्खी चकती, एवढंच सांगायचं. तुकडा दोन-तीन युरोला येतो. दुकानात बसायची सोय नसते, कागदात गुंडाळून घ्यायचा आणि बॅसिलिकासमोरच्या चौकात उभ्याने खायचा. ऑलिव्हच्या बिया सांभाळा, दात दुखावणारे पाहुणे दरवर्षी असतात. रविवारी बऱ्याच बेकऱ्या बंद असतात किंवा दुपारपर्यंतच चालतात, म्हणून फोकाचाचा दिवस रविवार ठेवू नका.

फोकाचाआधीचा तास जुन्या शहराच्या दक्षिण टोकाला, किल्ल्यासमोरच्या आर्को बास्सो गल्लीत घालवा. इथे बायका दारात टेबल मांडून ओरेक्किएत्ते, म्हणजे कानाच्या आकाराचा छोटा पास्ता, वळतात. पीठ म्हणजे फक्त डुरमचं बारीक पीठ, कोमट पाणी आणि चिमूटभर मीठ, अंडं नाही. शंभर ग्रॅम पिठाला साधारण पन्नास मिलीलिटर पाणी. घट्ट मळून अर्धा तास झाकून ठेवलेल्या गोळ्याची करंगळीएवढी वळी करतात, तिचे सेंटीमीटरभर तुकडे. मग बोथट टोकाच्या साध्या टेबल-सुरीने एकेक तुकडा लाकडी पाटावर दाबत स्वतःकडे ओढायचा. तुकडा सुरीवर गुंडाळला जातो. तो अंगठ्यावर घालून उलटा केला की टोपीसारखा खोलगट होतो, आतली बाजू बाहेर येते आणि ओढल्यामुळे खरबरीत झालेल्या त्या बाजूला सॉस धरतो. सरावलेल्या बाईचा हात एका तुकड्याला सेकंदभरही घेत नाही. पाट लाकडाचाच लागतो. गुळगुळीत दगडावर तुकडा ओढला न जाता घसरतो आणि खरबरीतपणा येतच नाही.

विकत घ्यायचे तर डोळे उघडे ठेवा. हातचे ओरेक्किएत्ते एकसारखे नसतात: मध्ये पातळ, कडेला जाड, एखादा वाकडा. सगळे एकाच साच्यातून काढल्यासारखे दिसले तर ते यंत्राचे. रंगीबेरंगी, म्हणजे हिरवे-लाल-काळे, पाहुण्यांसाठीच असतात, पांढरट-पिवळे घ्या. आणि समोर बाई जे वळतेय त्यातलेच मागा, मागच्या पिशवीतले नकोत.

आता शाकाहारींचं. पुलिया हा बारीचा प्रांत मुळात गहू, तेल, कडधान्य आणि पालेभाज्या यांवर जगलेला. मांस पूर्वी सणावाराला शिजायचं. त्यामुळे हाल तर होणार नाहीतच, उलट इटलीच्या उत्तरेपेक्षा इथे सोपं जाईल. पण तीन गोष्टी नजरेला दिसत नाहीत आणि विचारल्याशिवाय कोणी सांगत नाही.

पहिली, खारवलेली छोटी मासळी, अँकोव्ही. ओरेक्किएत्ते ज्या भाजीबरोबर सगळ्यात जास्त केले जातात ती चीमे दि रापा, म्हणजे सलगमाचा कोवळा पाला आणि कळ्या. दिसायला ती निव्वळ पालेभाजी आहे, पण तेलात लसूण-मिरचीबरोबर अँकोव्ही विरघळवलेली असते. विरघळल्यावर ती दिसत नाही आणि वासही लसणात हरवतो. ऑर्डर देतानाच ‘सेन्त्सा अच्चूगे’ म्हणजे ‘अँकोव्हीशिवाय’ असं सांगा. ताजं परतून देणाऱ्या ठिकाणी हे सहज होतं. तयार सॉस ठेवणारे नाही म्हणतील आणि ते नाही म्हणाले तर मानावं. ऑक्टोबरच्या शेवटी हा पाला बाजारात नुकताच यायला लागतो, खरा बहर थंडीत. जिथे त्या दिवशी ताजा नसेल तिथे टोमॅटोच्या सॉसमधले ओरेक्किएत्ते वर काच्योरिकोत्ता हे चीज किसून घ्या.

दुसरी, स्त्रुत्तो म्हणजे डुकराची चरबी. काही ठिकाणी पान्झेरोत्ती या तळलेल्या करंजीच्या पिठात, काही बिस्किटांत आणि ताराल्लीत ती असते. ताराल्ली म्हणजे कडबोळ्यासारखी कुरकुरीत कडी. चांगल्या ताराल्लीत पीठ, ऑलिव्ह तेल, पांढरी वाइन आणि बडीशेप एवढंच असतं. पाकिटावर ‘ओलियो द’ओलीवा’ वाचा आणि ‘स्त्रुत्तो’ दिसलं तर ठेवून द्या.

तिसरी, चीज विरजायला वापरलेलं रेनेट. वासराच्या पोटातलं रेनेट पार्मिज्यानोला नियमानेच लागतं, आणि पारंपरिक पेकोरीनोला कोकराचं. ज्यांना हे चालत नाही त्यांनी सगळीकडे ‘सेन्त्सा फोर्माज्यो’ सांगायचं आणि ताज्या चीजसाठी दुकानात ‘काल्यो वेजेताले’ म्हणजे वनस्पतिज रेनेट आहे का ते विचारायचं. काही चीज कारखाने ते वापरतात आणि वेष्टनावर छापतात.

फक्त ‘वेजेतारियानो’ एवढं म्हणून थांबू नका. बरेच वयस्कर मालक त्याचा अर्थ ‘मटण नको’ असा घेतात आणि ट्यूना घालून सॅलड आणतात. ‘निएन्ते कार्ने, निएन्ते पेशे’, म्हणजे मांस नाही, मासे नाहीत, हे दोन्ही शब्द उच्चारा. जैन पद्धतीने खाणाऱ्यांनी लक्षात ठेवावं की फोकाचात कांदा-लसूण नसला तरी बटाटा असतो.

निर्धोक आणि अस्सल असा शाकाहारी पदार्थ एकच निवडायचा झाला तर फावे ए चिकोरिया. सोललेल्या वाळलेल्या बाकल्याच्या डाळीची घोटून केलेली दाट पिठलंवजा पेज, बाजूला उकडून तेलात परतलेली कडू रानपालेभाजी आणि वरून कच्च्या ऑलिव्ह तेलाची धार. डाळीचा गोडवा आणि पाल्याचा कडूपणा एका घासात एकत्र यायला हवा, म्हणून दोन्ही वेगवेगळं खाऊ नका. एक गंभीर सूचना: ज्यांच्या रक्तात जी-सिक्स-पीडी या एन्झाइमची कमतरता आहे त्यांनी बाकला अजिबात खाऊ नये, रक्तपेशी फुटून जिवावर बेतू शकतं. भारतात ही कमतरता असलेली कुटुंबं आहेत. घरात कोणाला असल्याचं ठाऊक असेल तर निघण्याआधी तपासून घ्या.

बुर्राता इथूनच, आंद्रिया या जवळच्या गावातून जगभर गेली. बाहेर मोझरेलाची पिशवी, आत सायीत भिजवलेले मोझरेलाचे धागे. तिचं आयुष्य दिवसाचं. सकाळी बनलेली त्याच दिवशी खावी. दुसऱ्या दिवशी आंबूस व्हायला लागते. फ्रीजमधून काढल्याबरोबर खाल्ली तर साय घट्ट असते आणि चव कळत नाही, म्हणून अर्धा तास बाहेर ठेवा. खोलगट ताटलीत मधोमध कापा, सोबत आल्तामुराचा पाव. हा डुरमचा जाड सालीचा पाव, ज्याला युरोपात पावांमध्ये पहिल्यांदा, 2003 साली, संरक्षित मूळस्थानाचा दर्जा मिळाला. तो चार-पाच दिवस टिकतो, म्हणून खोलीवर एक मोठा तुकडा आणून ठेवला की रात्री-अपरात्रीची भूक भागते.

मासळी खाणाऱ्यांनी सकाळी तेआत्रो मार्गेरिता या जुन्या नाट्यगृहाच्या मागच्या बाजूच्या मोलो सान निकोला धक्क्यावर जावं. स्थानिक बोलीत या जागेला ‘न्देर्र आ ला लान्से’ म्हणतात. होडीतून उतरलेली मासळी इथे टोपल्यांत मांडतात. नव्या माणसाला सगळ्यात जास्त धक्का बसतो तो ऑक्टोपसच्या कामाचा. कोळी तो दगडावर जोरजोरात आपटतो, मग लाकडी फळीने बडवतो, आणि मग पाण्याच्या पातेल्यात घालून गोल-गोल घुसळत राहतो. आपटण्याने स्नायूंचे तंतू तुटतात, म्हणून तो कच्चा चावता येतो. घुसळण्याने पायांची टोकं कुरळी होतात. बारीकर त्याला ‘कुरळा’ ऑक्टोपस म्हणतात आणि तो तसाच, न शिजवता, बियरबरोबर खातात. बियर म्हणजे पेरोनीच. बारीत त्या कंपनीचा कारखाना आहे आणि शहराचा तिच्यावर घरच्यासारखा हक्क आहे.

खावा की नाही? इथे मोकळेपणाने सांगायला हवं. कच्च्या मासळीत दोन वेगळे धोके आहेत आणि त्यांचे उपायही वेगळे. एक म्हणजे अ‍ॅनिसाकिस हा किडा, मासे आणि माकलांत सापडणारा. युरोपीय नियमानुसार कच्चे वाढायचे मासे आणि माकूल-ऑक्टोपस आधी उणे 20 अंशांवर किमान 24 तास गोठवावे लागतात; चांगली रेस्टॉरंटं हे पाळतात आणि मेनूवर ‘अब्बात्तूतो’ असं लिहितात. धक्क्यावर हातात मिळणारा ऑक्टोपस या प्रक्रियेतून गेलेला नसतो. दुसरा धोका शिंपल्यांचा, म्हणजे कोकणात ज्यांना शिनाणे म्हणतात त्या कोत्सेंचा. शिंपला दिवसभर समुद्राचं पाणी गाळत असतो आणि पाण्यातले जंतू स्वतःत साठवतो. 1973 साली नेपल्स आणि बारीत कॉलरा आला तेव्हा संशयाचं बोट शिंपल्यांकडे होतं, आणि 1996-97 मध्ये पुलियात हेपटायटिस ए ची मोठी साथ आली तिचा संबंधही कच्च्या शिंपल्यांशी लागला. गोठवल्याने हेपटायटिसचा विषाणू मरत नाही. लिंबानेही मरत नाही, कितीही पिळलं तरी.

म्हणून माझा सल्ला: कच्चे शिंपले नकोत, कोणीही कितीही आग्रह केला तरी. कच्चा ऑक्टोपस, छोटी माकलं, कोलंबी हे खायचं तर बसून जेवायच्या रेस्टॉरंटात, गोठवल्याची खात्री करून. हेपटायटिस ए ची लस घेतलेली असेल तर उत्तम. घ्यायची असेल तर प्रवासाच्या किमान दोन आठवडे आधी. धक्क्यावर बघायला मात्र जरूर जा. समुद्री अर्चिन, रीच्ची, हा काटेरी गोळ्यासारखा जीव म्हणजे बारीचा लाडका पदार्थ; पण अतिरेकी पकडीमुळे 2023 साली प्रांताने त्याच्या मासेमारीवर तीन वर्षांची बंदी घातली. रस्त्याकडेला कोणी स्वस्तात देत असेल तर घेऊ नका.

शिजवलेल्या शिंपल्यांचा राजा म्हणजे तिएल्ला: तांदूळ, बटाटा आणि शिंपले यांचे कच्चे थर मातीच्या किंवा पत्र्याच्या पसरट भांड्यात रचून, वर टोमॅटो आणि पेकोरीनो घालून, शिंपल्यांचंच गाळलेलं पाणी ओतून भट्टीत भाजलेला. थाळीत बटाटा मऊ आणि तांदूळ किंचित कणीदार असावा. लगदा झाला असेल तर तो सकाळचा पुन्हा गरम केलेला आहे. खरा बारीकर तो कोमट खातो, वाफाळता मागू नका. शिंपल्यांचा भर उन्हाळ्यात असतो, ऑक्टोबरअखेर थोडे बारीक मिळतील.

मासळीच्या रेस्टॉरंटात दोन गोष्टींनी बिल फुगतं. ‘आन्तीपास्तो देल्ला काझा’, म्हणजे त्या जागेचे सुरुवातीचे पदार्थ, म्हटलं की छोट्या ताटल्या येतच राहतात. दहा-बाराही येऊ शकतात आणि त्यानंतर पास्ता खाण्याचं बळ उरत नाही. आधी किती ताटल्या आणि किती युरो हे विचारा, चौघांत दोनच मागवा. दुसरं, अख्ख्या माशाचा भाव ‘एत्तो’ला, म्हणजे शंभर ग्रॅमला लिहिलेला असतो. मेनूवर 6 युरो वाचून खूश होऊ नका. आठशे ग्रॅमचा मासा 48 युरोला पडतो. मासा शिजवण्याआधी वजन करून दाखवा असं म्हणण्यात काहीही गैर नाही. नावापुढे चांदणी असेल तर माल गोठवलेला आहे. माणशी दोन-तीन युरो ‘कोपेर्तो’ हा टेबलावर बसण्याचा आकार बिलात येतो, तो फसवणूक नाही. टिप वेगळी देण्याची सक्ती नाही.

मांसाबाबत एकच. रविवारी ओरेक्किएत्ते ज्या रश्श्यात येतात त्यातल्या ‘ब्राशोले’ या मांसाच्या गुंडाळ्या बारीत बरेचदा घोड्याच्या मांसाच्या असतात. मेनूवर ‘कावाल्लो’ म्हणजे घोडा. चालत नसेल तर नुसता रस्साही घेऊ नका, तो त्याच मांसात तासन्‌तास उकळलेला असतो.

दुपारी तीन ते सात शहर झोपतं. स्वयंपाकघरं बंद होतात, जुन्या गल्ल्या सामसूम. चारला भूक लागली म्हणून शोधाशोध केलीत तर स्थानकासमोरच्या सुमार जागाच उघड्या सापडतील. हा वेळ समुद्राकाठच्या लांब फरसबंदीवर चालायला किंवा किल्ला बघायला द्या.

सातनंतर तळणी. जुन्या शहरात दाराशी कढई मांडून वयस्कर बायका स्गाल्योत्से तळतात: मक्याच्या पिठाचा घट्ट शिजवलेला पोलेंता थंड करून कापलेल्या जाड वड्या, बाहेरून सोनेरी, आतून लोण्यासारख्या मऊ, वर फक्त मीठ. मका, पाणी, मीठ, तेल, एवढाच जिन्नस. हा 6 डिसेंबरच्या सान निकोलाच्या सणाचा पदार्थ, पण आता वर्षभर मिळतो. कागदाच्या पुडीत एक-दोन युरोला येतात. गार झाल्या की रबर होतात. घरी नेऊ नका, तिथेच संपवा. सोबत पोपित्से, म्हणजे खमिराच्या पिठाचे गोळे, मिळाले तर घ्या.

पान्झेरोत्ती ही मोझरेला-टोमॅटो भरून तळलेली करंजी. आतलं चीज उकळत्या दुधासारखं असतं आणि पहिल्या घासाला टाळू भाजतो. उभी धरा, वरचं टोक चावून वाफ जाऊ द्या, दोन मिनिटं थांबा. चांगलीची खूण: फोडल्यावर पाणी गळत नाही, कारण मोझरेला आधी निथळवलेला असतो. ओल्या मोझरेल्याने कड उसवते आणि तेल आत शिरतं. साधी चीज-टोमॅटोची मागा आणि त्याच तेलात मांसाच्या पान्झेरोत्तीही तळतात का हे विचारा. बहुतेक ठिकाणी तळतात.

आणि रात्रीच्या जेवणाला एकदा तरी स्पागेत्ती अल्लास्सास्सीना. मारेकऱ्याची स्पागेत्ती, तिखटामुळे पडलेलं नाव. 1960 च्या दशकाच्या शेवटी बारीतल्या अल सोर्सो प्रेफेरीतो या रेस्टॉरंटात हा पदार्थ जन्मला आणि 2013 पासून त्याचं मूळ रूप जपण्यासाठी शहरात त्याची रीतसर अकादमीही आहे. दूध-चीज काही नाही, मासे नाहीत, त्यामुळे शाकाहारींनाही पोटभर. रेस्टॉरंटात 10 ते 14 युरो. आठच्या आधी जेवण मिळत नाही. शुक्रवार-शनिवारी टेबल आधी सांगून ठेवा.

घरी करण्याजोगा पदार्थ विचारलात तो हाच, कारण यातला एकही जिन्नस पुण्या-मुंबईत दुर्मीळ नाही. पास्ता उकळायचा नाही. तो कच्चाच लोखंडी पॅनमध्ये टोमॅटोत घालून, थोडं-थोडं पाणी देत, जाणूनबुजून करपवायचा. भाताच्या तळाला धरलेली खरपुडी ज्याला आवडते त्याला हा पदार्थ पहिल्या घासात कळतो.

दोघांना 200 ग्रॅम बारीक स्पागेत्ती, पाकिटावर डुरम गहू लिहिलेली. मैद्याची विरघळते. 28 सेंटीमीटरचा सपाट लोखंडी पॅन. याहून जास्त माणसांचं एका वेळी करू नका, काड्या तळाला टेकायलाच हव्यात. चौघांसाठी दोनदा करा. एका पातेल्यात एक लिटर पाणी, तीन मोठे चमचे घट्ट टोमॅटो पेस्ट आणि अर्धा चहाचा चमचा मीठ घालून मंद उकळत ठेवा. मीठ मुद्दाम कमी, कारण हे पाणी आटत जाणार. पॅनमध्ये पाच मोठे चमचे ऑलिव्ह तेल, ठेचलेल्या दोन लसूण पाकळ्या, दोन सुक्या मिरच्या. लसूण रंगला की काढून टाका. 200 ग्रॅम टोमॅटो प्युरी घाला, उडेल, जपून. दोन-तीन मिनिटांनी काड्या न मोडता आडव्या पसरवा, त्यावर एक पळी टोमॅटोचं पाणी, आच मध्यमहून मोठी.

आता हात आवरा. सगळे जण इथे चुकतात: ढवळत राहतात. पाणी असताना ‘बुडबुड’ आवाज येतो. ते आटलं की आवाज तळणीसारखा चरचरीत होतो. तो चरचराट वीस-तीस सेकंद चालू द्या, मग सपाट कालथ्याने एकेक भाग खरवडून उलटवा आणि पुढची पळी घाला. असं पाच-सहा वेळा, एकूण दहा-बारा मिनिटं. एकदम दोन-तीन पळ्या घातल्यात तर ती साधी उकडलेली स्पागेत्ती होते. आच कमी ठेवलीत तर काड्या फुगतात पण करपत नाहीत. शेवटी पॅनमध्ये पाणी उरता कामा नये. काड्या तेलाने चमकतात, काही जागी काळ्या, काही जागी गडद लाल, आणि दाताखाली मोडतात. नॉनस्टिकमध्ये हे होत नाही, आणि तो कोरडा एवढा तापवूही नये. केचप किंवा साखर घातलेला तयार सॉस वापरलात तर साखर आधी जळून कडू होते. वरून चीज घालू नका. टोमॅटो आंबट, तेव्हा काम झालं की लोखंडी पॅन लगेच धुवून, पुसून, तेलाचा हात लावून ठेवा.

फोकाचाही जमतो: 200 ग्रॅम मैदा, 100 ग्रॅम बारीक डुरम पीठ (आपला रवा असेल तर मिक्सरमधून काढून), 100 ग्रॅम उकडून किसलेला बटाटा, 200 मिलीलिटर पाणी, 3 ग्रॅम कोरडं यीस्ट, 7 ग्रॅम मीठ. पीठ हाताला चिकटणारंच असतं, सुकं पीठ घालत बसू नका. दोन ते तीन तास फुगू द्या. 28 सेंटीमीटरच्या पत्र्याच्या थाळ्यात 40 ते 50 मिलीलिटर तेल. हात आखडलात की तळ पांढरा राहतो. टोमॅटो थेट पिठावर चिरडा म्हणजे रस आत मुरतो. ओव्हन 250 अंश, सगळ्यात खालचा कप्पा, 20 ते 25 मिनिटं. काचेच्या भांड्यात तळ खरपूस होत नाही.

परतताना सामानात ताराल्ली आणि ओरेक्किएत्ते घ्या. बुर्राता लांबच्या विमानप्रवासात तग धरत नाही, ती तिथेच खा. ऑलिव्ह तेल चेक-इनच्या पेटीत, पत्र्याच्या डब्यातलं, काचेचं नको. ओरेक्किएत्ते ताजे ओलसर घेऊ नका, दोन दिवसांत बुरशी धरतात. ‘सेक्की’ म्हणजे वाळलेले मागा. गल्लीतल्या पिशवीतले असतील तर घरी पोचल्यावर कापडावर पसरून एक-दोन दिवस पंख्याखाली ठेवा, नखाने दाबून मधला जाड भागही कडक लागला की मगच डब्यात भरा. शिजायला ते बाजारच्या पास्त्याहून जास्त वेळ घेतात, म्हणून दहाव्या मिनिटापासून चाखायला लागा.